दुमजली पलंग

पलंग खोलीत मावणार याबद्दल मोजणीदाराच्या मनात तिळभरही शंका नव्हती. त्याने खोली मोजली होती, पलंग मोजला होता, आणि भूमापन खात्यात उभी हयात लोकांच्या जमिनी मोजण्यात घालवलेल्या माणसाने मोजलं म्हणजे मोजलं. सख्खे भाऊ एकमेकांच्या जिवावर उठले की लोक त्याला बोलावून नेत. तो दुर्बिणीला डोळा लावून हद्दीचा दगड कुठे हवा ते सांगे, आणि मग दोघे भाऊ एक होऊन त्याच्यावर चिडत. दुसऱ्यांच्या घरात एवढी एकी त्याने घडवून आणली होती. स्वतःच्या घरात मात्र तो आता एकटा राहत होता.

बायकोने घटस्फोट घेऊन एका दातांच्या डॉक्टरशी लग्न केलं होतं. नऊ वर्षांची मुलगी आईबरोबर डॉक्टरकडे राहायची. घरात तिला सगळे भिंगरी म्हणत. दर शनिवारी सकाळी डॉक्टरची गाडी खाली येऊन हॉर्न वाजवी, भिंगरी वर येई, आणि संध्याकाळी पुन्हा हॉर्न वाजला की खाली जाई. मुलगी रात्री मुक्कामाला मिळावी म्हणून मोजणीदाराने कोर्टात अर्ज केला होता. कोर्टाने सांगितलं, हरकत नाही, पण मुलीला स्वतंत्र खोली पाहिजे, स्वतःचा पलंग पाहिजे, आणि आमच्या बाई येऊन ते डोळ्यांनी बघणार.

खोली होती. भिंगरीची आई या घरात नांदत होती तेव्हा त्या खोलीत मोजणीच्या तिपाया, साखळ्या आणि नकाशांच्या गुंडाळ्या असत, आणि त्यांच्यामधल्या बोळात गादी टाकून भिंगरी झोपे. "तिला जरा हातपाय पसरायला जागा करा हो," असं बायको म्हणे, आणि "हलवतो गं ऑफिसात" असं मोजणीदार म्हणे. हे संभाषण बरीच वर्षं चाललं. त्या दोघी निघून गेल्यावर सगळं सामान एका दुपारीत हललं. ओझं उचलायलाही कुणी लागलं नाही.

रिकामी खोली सजवायची कशी हे मात्र त्याला कळेना. म्हणून त्याने भिंगरीलाच विचारायला सुरुवात केली. पण "तुला काय आवडेल?" असं त्याने विचारलं नाही. त्याने विचारलं, "तिकडे तुझी खोली कशी आहे?"

"छान आहे," भिंगरी म्हणाली.

"छान म्हणजे?"

भिंगरीने थोडा विचार केला. "भिंतीवर ढग आहेत."

लगेच रंगारी आला. त्याने निळ्या भिंतीवर स्पंज आपटून आपटून ढग काढले. मोजणीदार बराच वेळ बघत राहिला.

"अहो, हे ढग आहेत का फ्लॉवरचे गड्डे?"

"वाळले की ढग दिसतील, साहेब."

ते वाळले आणि वाळलेल्या फ्लॉवरसारखे दिसू लागले. पुढच्या शनिवारी बातमी आली की तिकडे छतावर अंधारात चमकणाऱ्या चांदण्या आहेत. मोजणीदाराने चांदण्या आणल्या आणि दोरी धरून, सारखं अंतर ठेवून, रांगेत चिकटवल्या. इतकं शिस्तीचं आकाश आजवर कुणी पाहिलं नसेल. त्याच्या पुढच्या शनिवारी भिंगरीने सांगितलं की तिकडे दुमजली पलंग आहे.

"एकट्या मुलीला दुमजली पलंग?"

"वर मी झोपते. खाली बाहुल्या."

"दातवाल्याला भारी हौस आहे," मोजणीदार दात खाऊन म्हणाला, आणि त्याच संध्याकाळी दुकानात गेला. तिथला सगळ्यात उंच, सगळ्यात रुंद आणि सगळ्यात जड दुमजली पलंग त्याने घेतला. वरच्या मजल्याला कठडा होता, बाजूला शिडी होती, आणि शिडीची प्रत्येक पायरी कपाटाच्या खणाएवढी जाड होती. दुकानदार म्हणाला, "हा पलंग नातवंडांपर्यंत हलत नाही." याचा खरा अर्थ पुढे कळायचा होता.

बाई यायच्या त्या शनिवारी सकाळी पलंग जोडून तयार होता, पण खोलीच्या मधोमध आडवा उभा होता. तो फिरवून भिंतीला लावायचं काम एकट्याच्याने होईना. मोजणीदार घामाने निथळत असताना बेल वाजली. दारात भिंगरी, आणि तिच्यामागे तिची फुगलेली बॅग घेऊन दातांचा डॉक्टर उभा.

डॉक्टर आजवर कधी वर आला नव्हता. तो ठेंगणा, गोरा, आणि फार हळू बोलणारा माणूस होता. दुखत नाही, दुखत नाही असं दिवसभर म्हणून त्याचा आवाज कायमचा मऊ झाला होता.

"बॅग जड होती," तो म्हणाला. "तिच्या आईने सगळं भरून दिलंय. आज मंजुरी मिळाली तर मुलगी राहील म्हणून."

"ठेवा तिथे," मोजणीदार म्हणाला. डॉक्टर वळणार एवढ्यात मोजणीदाराने घड्याळ बघितलं, गिळवत नव्हता तो अभिमान गिळला, आणि म्हणाला, "जरा हात लावता का? एक पलंग फिरवायचाय."

"हो हो, लावतो की."

दोघे खोलीत गेले. दार आतल्या बाजूला उघडत असल्यामुळे पलंगाच्या आड येत होतं, म्हणून मोजणीदाराने ते लोटून घेतलं. "तुम्ही पायाकडून धरा. मी सांगेन तसं फिरवा. मोजलेलं आहे सगळं."

पलंग फिरू लागला. निम्मा फिरला आणि त्याचं एक टोक खिडकीच्या कठड्याला लागलं.

"अडकला का?" डॉक्टरने विचारलं.

"अडकायचा प्रश्नच नाही. रेटा."

डॉक्टरने रेटलं. कुठेतरी करकर आवाज झाला, भिंगरीसाठी आणलेल्या कपाटाचा कोपरा पलंगाच्या वरच्या कठड्यात घुसला, आणि शिडी जाऊन दाराला टेकली. मग पलंग ना पुढे जाईना, ना मागे येईना. दोघांनी दोन्ही बाजूंनी जोर लावून पाहिला. डॉक्टरने पलंगाला एकदा सवयीने "दुखत नाही, दुखत नाही" असंही म्हणून पाहिलं. मोजणीदाराने दार ओढलं. ते चार बोटं उघडलं आणि शिडीवर आपटलं.

खोलीची लांबी मोजली होती, रुंदी मोजली होती. पलंगाचीही लांबी-रुंदी मोजली होती. पण पलंग फिरताना कर्णात फिरतो, आणि कर्ण दोन्ही बाजूंपेक्षा लांब असतो, हे शाळेतली मुलंसुद्धा सांगतात. मोजणीदाराने हे मनातल्या मनात ओळखलं आणि मनातच ठेवलं.

"काय झालं?" डॉक्टरने विचारलं.

"लाकूड फुगलंय," मोजणीदार म्हणाला.

फटीतून भिंगरीचा एक डोळा दिसला. "बाबा, तुम्ही बाहेर का येत नाही?"

"येतोय. टेबलावर एक वाकडी चावी आहे बघ. पलंगाचे बोल्ट काढायची. ती दे."

भिंगरीने चावी आत दिली. डॉक्टरने ती हातात घेतली, शस्त्रक्रियेआधी अवजार घेतात तशी, आणि पहिल्या बोल्टला लावली. त्याच वेळी दाराची बेल वाजली.

"थांबा!" मोजणीदार कुजबुजला. "कोर्टाच्या बाई आल्या. पलंग मोडू नका. त्यांना पलंग दिसला पाहिजे."

बाहेर भिंगरीने दार उघडलं. बाईंचा खणखणीत आवाज आला. "तू भिंगरी का? बाबा कुठे आहेत?"

"बाबा माझ्या खोलीत आहेत. काका पण आहेत. त्यांना बाहेर येता येत नाही."

चपलांचा आवाज जवळ आला आणि फटीत एक चष्मा दिसला.

"नमस्कार," मोजणीदार आतून म्हणाला. "या ना. बसा."

"कुठे बसू?" बाई म्हणाल्या. "आणि आपण आत काय करताय?"

"पलंग लावतोय."

"शेजारी कोण आहेत?"

"मी तिच्या आईचा नवरा," डॉक्टर मऊ आवाजात म्हणाला.

चष्मा फटीतून मागे सरकला, आणि जरा वेळाने पुन्हा आला. "हे बघा. मला खोलीत येऊन बघायचं आहे. आणि पलंग वापरण्याजोगा उभा पाहिजे. मी आत येऊ शकते का?"

"पलंग काढला तर येऊ शकता."

"पण पलंग काढला तर मी बघू काय?"

"मग तो पुन्हा जोडतो."

"म्हणजे मी आत अडकणार?"

पलंग असला की माणूस नाही आणि माणूस असला की पलंग नाही, अशी ती खोली झाली होती. "आता पुढची तारीख घ्यावी लागेल," बाई म्हणाल्या. पुढची तारीख म्हणजे काय असतं हे त्याला चांगलं माहीत होतं. त्याने स्वतः लोकांना कितीतरी पुढच्या तारखा दिल्या होत्या.

"बाई, मेहेरबानी करा. थोडा वेळ बसा. काहीतरी मार्ग काढतो. भिंगरी, बाईंना पाणी दे."

बाई बसल्या. चांगल्या मनाच्या असाव्यात, किंवा जिने चढून दमल्या असाव्यात. भिंगरीने पाणी दिलं. बाहेर दोघींच्या गप्पा सुरू झाल्या, आणि आत दोघे पुरुष, एक पलंगाच्या खालच्या मजल्यावर आणि एक शिडीच्या पायरीवर, निमूट ऐकत बसले.

"शाळा आवडते?"

"हो."

"आईकडे बरं आहे ना सगळं? तिकडे तुझी खोली कशी आहे?"

"तिकडे मला खोली नाही," भिंगरी म्हणाली. "मी हॉलमध्ये सोफ्यावर झोपते."

मोजणीदाराने सावकाश मान वर केली. समोर भिंतीवर ढग होते, डोक्यावर रांगेत चांदण्या होत्या, आणि पाठीला दुमजली पलंग टोचत होता.

"सोफ्यावर?" तो डॉक्टरला म्हणाला.

डॉक्टर बोटातली चावी फिरवत राहिला.

"अहो, मी तुम्हाला विचारतोय. माझी मुलगी सोफ्यावर झोपते? आणि ढग? आणि चांदण्या?"

"कसल्या चांदण्या?"

"तुमच्या घरातल्या!"

"आमच्याकडे फक्त दवाखाना आहे," डॉक्टर म्हणाला. "म्हणजे दुसरी खोली आहे, पण तिच्यात दवाखाना आहे. खुर्ची, मशीन, पेशंट. लग्नाच्या वेळी मी म्हणालो होतो, बाहेर गाळा बघून दवाखाना हलवतो. बघतही होतो. पण पेशंट सोडून कुठे जाणार? हलवतो, हलवतो म्हणत राहिलो."

मोजणीदाराला चांगलं सणसणीत काहीतरी बोलायचं होतं. शब्द तोंडाशी आले होते. पण ते सगळे शब्द भिंगरीच्या आईने याच खोलीच्या दारात उभं राहून आधीच त्याला ऐकवलेले होते. ते पुन्हा वापरायला त्याला जड गेलं.

"ती काही म्हणत नाही?" त्याने शेवटी विचारलं.

"म्हणायची. आता म्हणत नाही." डॉक्टरने बोल्टाकडे बघितलं. "म्हणायचं बंद झालं म्हणजे काय, ते तुम्हाला माहीत असेल."

मोजणीदाराला माहीत होतं.

"पुढच्या महिन्यात ती दुसरं घर घेतेय," डॉक्टर म्हणाला. "भाड्याने. ती आणि भिंगरी, दोघीच. भिंगरीला तिथे खोली आहे. मला परवा सांगितलं. भांडली नाही, काही नाही. स्वयंपाक करता करता सांगितलं."

"मला तर कपडे वाळत घालताना सांगितलं होतं," मोजणीदार म्हणाला.

बाहेर भिंगरी बाईंना पाढे म्हणून दाखवत होती. आपली बायको पळवणाऱ्या माणसाचा सूड कसा घ्यायचा याचे बेत मोजणीदाराने कितीतरी रात्री मनात रचले होते. आता तो माणूस आयता समोर कोंडलेला होता, आणि त्याला करायचं असं काही शिल्लकच राहिलं नव्हतं. बायको या माणसालाही सोडून चालली होती. हा अगदी परस्पर झालेला सूड होता, आणि मोजणीदाराला त्याची चव मुळीच लागली नाही.

"मला तर शनिवारही नाही मिळायचा," डॉक्टर एकदम म्हणाला. "तुम्ही बाप आहात. तुमच्यासाठी कोर्ट आहे, बाई आहेत. मी कोण? ती रात्री खोकली की मी उठायचो. तिचे हलणारे दुधाचे दात सगळे मीच काढले. पण त्याचा अर्ज कुठे करायचा?"

मोजणीदार उठला. "ती चावी द्या इकडे."

"पलंग मोडायचा?"

"निम्मा. वरचा मजला उतरवू. शिडी निघेल, दार उघडेल, आणि खालचा पलंग राहील. एका मुलीला एक मजला पुरे."

हे सुरुवातीलाच सुचायला हवं होतं. पण तेव्हा समोर दातवाल्याची चांदण्यांची खोली होती. दोघांनी मिळून बोल्ट काढले, कठडा काढला, शिडी काढली, वरचा मजला उभा करून भिंतीला टेकवला, आणि दार सताड उघडलं. घामाने थबथबलेले, धुळीने माखलेले दोन नवरे कोर्टाच्या बाईंना सामोरे आले.

बाईंनी खोली बघितली. पलंगावर बसून बघितलं. कपाट उघडून बघितलं. मग भिंतीपाशी उभ्या राहिल्या.

"भाज्यांचं चित्र कल्पक आहे," त्या म्हणाल्या. "मुलांना भाज्या खायची सवय लागते. दार नीट लागतं ना?"

"लागतं," मोजणीदार आणि डॉक्टर एकदम म्हणाले.

मुक्काम मंजूर झाला. बाई गेल्या, डॉक्टरही तोंड धुऊन गेला. जाताना भिंगरीच्या डोक्यावरून हात फिरवू की नको अशा विचारात त्याचा हात हवेत राहिला, आणि मग त्याने त्याच हाताने गाडीची किल्ली काढली.

संध्याकाळी मोजणीदाराने भिंगरीला समोर बसवलं.

"तू मला खोटं का सांगितलंस गं? ढग, चांदण्या, पलंग?"

"तुम्ही विचारत होतात म्हणून."

"पण सोफ्यावर झोपते असं सरळ सांगायचं ना!"

"मग तुम्ही आईला फोन केला असतात," भिंगरी म्हणाली. "मग आई काकांवर चिडली असती. मग काका दवाखान्यात जाऊन बसले असते. छान आहे म्हटलं की तुम्ही पुढचं काहीतरी विकत आणायचात. फोन नाही करायचात."

"मग तुला हवं काय होतं?"

"मला दिवा हवा होता. वाचायला. पलंगाजवळ. पण राहू दे. आई तिकडे नवीन खोलीत लावणार आहे."

त्या रात्री भिंगरी त्या खोलीत झोपली. झोपण्याआधी तिने चांदण्या बघितल्या आणि "हे चौकटीच्या वहीसारखं दिसतंय" असं म्हणून डोळे मिटले. मोजणीदार दुसऱ्या दिवशी दिवा घेऊन आला. आई लावणार होती त्याच्याआधी आणला, आणि त्याच्याहून मोठा आणला.

पुढच्या महिन्यात भिंगरी आणि तिची आई नवीन घरी राहायला गेल्या. दातांच्या डॉक्टरने चारच दिवसांत दवाखाना बाहेरच्या गाळ्यात हलवला. घरातली खोली रिकामी झाली. त्या खोलीत आता तो एकटा बसत असे.

एका शनिवारी खाली हॉर्न वाजला. मोजणीदाराने खिडकीतून बघितलं. भिंगरीला तर तिची आई रिक्षाने सोडून केव्हाच गेली होती.

"तिची दाढ येत होती," डॉक्टर खालूनच म्हणाला. "म्हटलं, एकदा बघून जावं. तुमची हरकत नसेल तर."

मोजणीदाराने हरकत शोधून पाहिली. सापडली नाही. "या वर," तो म्हणाला.

दाढ बघायला फार वेळ लागला नाही. पण डॉक्टर जेवायला राहिला. पुढच्या शनिवारी तो हिरड्या बघायला आला. मग काही न बघताच येऊ लागला. भिंगरीला त्याचं गणित शिकवणं आवडायचं आणि मोजणीदाराचं आवडायचं नाही. रात्री उशीर झाला तर तो हॉलमध्येच झोपे. दुमजली पलंगाचा वरचा मजला आता तिथे आणून ठेवलेला होता, त्याला चार विटा लावल्या की काम भागे.

सहा महिन्यांनी कोर्टाच्या बाई न कळवता पाहणीला आल्या. भिंगरी खोलीत दार लावून वाचत होती. मोजणीदार भांडी घासत होता. हॉलमध्ये विटांवरच्या पलंगावर दातांचा डॉक्टर बनियन घालून घोरत होता.

"हे गृहस्थ इथेच राहतात?" बाईंनी विचारलं.

"फक्त शनिवारी," मोजणीदार हात पुसत म्हणाला.

"आपले कोण?"

मोजणीदार विचारात पडला. आपल्या भाषेत जावेला शब्द आहे, नणंदेला आहे, व्याह्याला आहे, मावशीच्या नवऱ्याला आहे. बायकोच्या सोडलेल्या दुसऱ्या नवऱ्याला काय म्हणायचं हे कुणी ठरवूनच ठेवलेलं नाही. बाई पेन उघडून थांबल्या होत्या.

"साडू म्हणा," तो म्हणाला.

बाईंचा चेहरा उजळला. "अच्छा. म्हणजे तुमच्या दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी?"

"नाही हो," मोजणीदार म्हणाला. "एकच."